परवान्यावर गावाची सही

ठाण्यात खोपट म्हटले की एसटीचे स्थानक डोळ्यांपुढे येते. पण मराठीत खोपट म्हणजे झोपडी. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांवर एखादे जुने खोपट अजून पाहायला मिळते, आणि ते जरा न्याहाळले तर सारे रानच समोर उभे राहते. मेढी ऐनाच्या नाहीतर सागाच्या. कारवीच्या सरळ काठ्या शेजारी शेजारी बांधून उभा केलेला कूड, त्यावर शेणमातीचा लेप. वर गवत किंवा भाताचा पेंढा. बांधायला रानवेली आणि झाडाच्या सालीचा वाख. वारल्यांची चित्रे पुढे जगभर गेली, ती मुळात अशाच कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली. या घरातले जवळजवळ काहीच विकत आणलेले नसे. म्हणून रान कोणाचे हा प्रश्न तिथे राहणाऱ्याला डोक्यावरच्या छपराइतका जवळचा होता.

सरकारी कागदांत या विषयाला ‘वनव्यवस्थापनात लोकसहभाग’ म्हणतात. मला हा शब्द अपुरा वाटतो. सहभाग म्हणजे दुसऱ्याच्या कामात हातभार. ज्या माणसाचे घर, शेत, औषध आणि पावसाळ्यातली भाजी रानातून येते, त्याला त्याच रानात पाहुणा म्हणून बोलवायचे, हे मुळातच उलटे आहे. हा उलटा क्रम कसा लागला ते ठाणे जिल्ह्यात फार स्पष्ट दिसते. ते पाहायचे तर सुरुवात भाताच्या रोपापासून करावी लागते.

कोकणपट्टीत भात थेट खाचरात पेरत नाहीत. आधी दाढीत रोप तयार करायचे, मग आवणी. ही दाढ उन्हाळ्यात भाजावी लागते. जमिनीवर शेण पसरायचे, त्यावर झाडांचा टहाळ, त्यावर पातेरा नि गवत, वर मातीचा थर, आणि वाऱ्याची दिशा पाहून आग लावायची. हा राब. टहाळाच्या बांधलेल्या भाऱ्याला कवळ म्हणतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कवळ तोडणे हे घरोघरचे काम असे. भाजणीने तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेतून रोपाला पालाश मिळते. मुसळधार पावसातही राबाच्या दाढीतले रोप जोमाने वर येते आणि उपटताना मूळ तुटत नाही. ऐनासारखी झाडे फांद्या छाटल्या तरी पुन्हा फुटतात, हे छाटणाऱ्याला ठाऊक असे. बुंध्याला कोयता लावायचा नाही, शेंडा ठेवायचा, हे कुणी कागदावर लिहिलेले नव्हते, पण पाळले जात असे. थोडक्यात, पाऊण भाग शेती खाचरात होती आणि पाव भाग रानात.

१८७८ च्या वन कायद्याने या दोन्हींची फारकत केली. राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन वर्ग कायद्यात आले. राखीव वन भराभर वाढत गेले. तिसरा वर्ग, म्हणजे गावाच्या हाती सोपवायचे वन, कायद्याच्या पुस्तकातच राहिला. १९२७ च्या कायद्यातही कलम २८ मध्ये ग्रामवनाची तरतूद आहे, आणि तिचाही वापर क्वचितच झाला. रेल्वेला स्लीपर हवे होते, मुंबईला इमारती लाकूड आणि कोळसा हवा होता, आणि ठाणे जिल्हा दोन्हींच्या अगदी तोंडाशी होता. कवळ तोडणारा शेतकरी रातोरात गुन्हेगार ठरला. जंगलखात्याने डोंगर आणि गायराने ताब्यात घेतल्यामुळे गरीब शेतकऱ्याचे जनावर कसे उपाशी मरते, हे महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये मांडले आहे.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतली ओरड इतकी वाढली की मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला, आणि त्या चौकशीत राब हा मोठा वादाचा विषय होता. खात्याच्या अधिकाऱ्यांना राब म्हणजे अडाण्यांनी चालवलेली झाडांची नासाडी वाटे. पुढे भारतीय शेतीची पाहणी करायला आलेल्या जॉन ऑगस्टस व्होएल्कर या रसायनशास्त्रज्ञाने १८९३ च्या आपल्या अहवालात राबाचा गांभीर्याने विचार केला. शेतकरी उगीच जाळत नाही, त्याच्यामागे कारण आहे, हे तोवर प्रयोगांनीही दाखवून दिले होते. पण रानाचे नियम ठरवताना ते रान वापरणाऱ्याला विचारावे, एवढे शहाणपण त्यातून निघाले नाही.

शेतकऱ्याचा टहाळ गेला, कातकऱ्याचा तर धंदाच गेला. कातकरी हे नावच कातावरून आलेले. खैराच्या लाकडाचे गाभे तासून, उकळून, आटवून कात पाडणे हे त्यांचे पिढीजात काम. खैर सरकारजमा झाला तसे ते कोळसाभट्टीवर गेले आणि पुढे वीटभट्टीवर. भिवंडी, कल्याण, ठाण्याच्या इमारतींच्या विटा ज्यांनी थापल्या त्यांत कातकऱ्यांचा वाटा फार मोठा आहे. दिवाळीच्या सुमाराला मालकाकडून उचल घ्यायची, बिऱ्हाड भट्टीवर न्यायचे, आणि पावसाच्या आधी परत यायचे. कित्येकदा उचल न फिटताच. आज केंद्र सरकारच्या यादीत महाराष्ट्रातल्या तीन जमाती विशेष दुर्बल म्हणून नोंदलेल्या आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. तिन्ही रानातल्या.

ठाण्याच्या खाडीपलीकडे उरण तालुक्यात चिरनेर आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथल्या अक्कादेवीच्या माळावर जंगल सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला, त्यात आठ सत्याग्रही हुतात्मा झाले. त्यांतला एक नाग्या महादू कातकरी. स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत हा प्रसंग मिठाच्या सत्याग्रहाची पुढची पायरी म्हणून येतो, आणि तो तसा आहेही. पण कोयते घेऊन रानात शिरलेल्या त्या माणसांना देशाच्या स्वातंत्र्याबरोबर स्वतःच्या डोंगरावरचे गवत नि लाकूडही हवे होते. देश स्वतंत्र झाला. डोंगर मात्र १९२७ च्या त्याच कायद्याखाली राहिला.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने जंगल कामगार सहकारी सोसायट्या काढल्या. ठेकेदाराऐवजी आदिवासींच्या सोसायटीला कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेला रानाचा तुकडा, तोडायला द्यायचा, मजुरी आणि नफा त्यांनाच मिळायचा, ही कल्पना चांगली होती, आणि ठेकेदाराच्या वेठीतून बऱ्याच जणांची सुटका तिने केली. पण सोसायटीला तोडीचे काम मिळाले होते. कोणते झाड ठेवायचे आणि कोणते काढायचे, हे खातेच ठरवी. पुढे १९९२ मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचा शासननिर्णय झाला आणि गावोगावी वन समित्या झाल्या. जिथे वनपाल समंजस होता आणि गावात दोन-चार खमकी माणसे होती, तिथे या समित्यांनी उघडे डोंगर खरोखर हिरवे केले. बाकी ठिकाणी निधी आला तोवर समिती होती. अधिकाऱ्याची बदली झाली की संयुक्तपणाही गेला, कारण समिती ज्या जमिनीवर राबत होती तिच्यावर गावाचा हक्क कोणत्याच कागदाने मान्य केलेला नव्हता.

तो कागद डिसेंबर २००६ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या वनहक्क कायद्याने शक्य केला. या कायद्याची जास्त ओळख वैयक्तिक पट्ट्यांसाठी आहे: १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली, कमाल चार हेक्टर जमीन, पती-पत्नी दोघांच्या नावावर. माझ्या मते त्याचा खरा गाभा कलम ३(१)(झ) या एका ओळीत आहे. परंपरेने जपत आलेल्या सामूहिक वनाचे रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क ती ओळ गावाला देते. बांबू, मध, तेंदू, मोह, डिंक, औषधी वनस्पती हे सारे गौण वनोपज मानून त्याची मालकीही गावाची. दाव्याची सुरुवात तहसील कचेरीत होत नाही, ग्रामसभेत होते. आणि पुरावा म्हणून गावातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेले, लिहून घेतलेले बोलणे चालते. जुनी विहीर, दफनाची जागा, देवाचे ठिकाण हेही पुरावे. सव्वाशे वर्षे ज्याचे म्हणणे कुणी ऐकले नाही, त्याचे तोंडी सांगणे कायद्याने दस्तऐवज मानले.

हा हक्क प्रत्यक्षात कसा वापरायचा हे गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने दाखवले. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्यांची. देवाजी तोफा हे गावातले, आणि मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे अभ्यासू साथी. कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून गावात अभ्यासगट बसत होते आणि निर्णय सर्वांच्या सहमतीनेच होत होते. २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू विकायची वेळ आली तेव्हा वाहतुकीचा परवाना देणार कोण, यावर गाडे अडले. वनखात्याच्या लेखी बांबू अजून लाकूडच होता, वनहक्क कायद्यात तो गौण वनोपज होता. गावाने बांबू उघडपणे विकायला काढला. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक त्यांनी ग्रामसभेच्या हाती दिले. त्या दिवसापासून परवान्यावर सही गावाची.

या सहीने काय फरक पडतो? चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. २०१२ मध्ये या गावाला सुमारे १,००० हेक्टर वनावर हक्क मिळाला. विदर्भातल्या गावांसाठी तेंदूपत्ता म्हणजे उन्हाळ्यातला हमखास पैसा. पाचगावने हक्क हाती येताच तेंदू तोडायचाच नाही असे ठरवले. कोवळा पाला जास्त यावा म्हणून झुडपे छाटतात, रानाला आग लावतात, आणि तेंदूचे फळ पाखरांना नि माणसांना खायला उरत नाही, हा त्यांचा विचार. उत्पन्नासाठी त्यांनी बांबूवर भर दिला. हाती आलेला पैसा सोडणारा हा निर्णय कोणत्याही खात्याला गावावर लादता आला नसता. गावाने तो स्वतः घेतला आणि स्वतः पाळला. धुळे जिल्ह्यातल्या बारीपाड्याचेही तसेच. चैत्राम पवारांच्या पुढाकाराने त्या पाड्याने नव्वदच्या दशकापासून अकराशे एकरांच्या आसपास रान राखले, आणि २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली.

सामायिक रान म्हणजे कुणाचेच नाही, म्हणून ते उजाड होणारच, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला आणि जगभरच्या सरकारांना तो सोयीचा वाटला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी नेपाळच्या पाटबंधाऱ्यांपासून जपानच्या डोंगरांपर्यंत उदाहरणे तपासून दाखवले की वापरणाऱ्यांनीच नियम केले, त्यांनीच राखण ठेवली आणि मोडणाऱ्याला आधी लहान, मग मोठा दंड केला, तर सामायिक संपत्ती शतकानुशतके टिकते. त्यासाठी २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. मेंढ्याला हक्क मिळाला तेच हे वर्ष.

आता पुन्हा ठाण्याकडे, शहापूरच्या गुळवेलीकडे. केंद्राच्या वनधन योजनेत वीस-वीस जणांचे पंधरा गट मिळून एक केंद्र होते. शहापुरातल्या कातकरी तरुणांनी अशा केंद्रामार्फत गुळवेल गोळा करणे, वाळवणे आणि भुकटी करून विकणे सुरू केले. करोनाच्या काळात गुळवेलीची मागणी एकदम वाढली, आणि डाबर, बैद्यनाथ, हिमालया अशा कंपन्यांकडून त्यांना ३५० टनांची, १.५७ कोटी रुपयांची मागणी आली. ज्यांच्या आईबापांनी वीटभट्टीच्या उचलीवर जन्म काढला, त्यांच्या हाती हा व्यवहार आला, ही आनंदाचीच गोष्ट आहे. आकडा जरा फोडून पाहिला तर किलोला सुमारे ४५ रुपये पडतात. वेल शोधायची, तोडायची, डोक्यावरून आणायची, वाळवायची, पोती भरायची. वाळल्यावर वजन घटते ते वेगळेच.

गुळवेल मोठी चिवट. जमिनीपासून हात-दोन हात खोड ठेवून वरचे कापले तर ती पुन्हा फुटते, तोडलेला तुकडा मातीत खोचला तरी जगतो. मुळासकट ओढली तर संपली. हे प्रत्येक कातकऱ्याला माहीत आहे. तरी ३५० टनांची मागणी दारात असताना खोड कोण ठेवील? मी ठेवले तर उद्या दुसरा नेईल, अशी धास्ती असेल तर कुणीच ठेवणार नाही. ज्या वाडीच्या नावावर रान आहे, जिथे कुणी कुठे तोडायचे हे ग्रामसभेत ठरलेले आहे, तिथेच खोड राखण्यात अर्थ असतो. म्हणून वनधन केंद्र आणि सामूहिक वनहक्क या एकाच गाडीच्या दोन चाकांसारख्या गोष्टी आहेत. बाजार आधी आला आणि हक्क मागे राहिला तर रान ओरबाडले जाईल. हक्क मिळाला आणि बाजार मिळाला नाही तर तरुण पुन्हा भट्टीवर जातील.

हक्क मागे का राहतो, याचे एक कारण अगदी साधे आहे आणि ते फारसे बोलले जात नाही. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सभासद हजर लागतात, त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. ग्रामसभा सहसा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. यातल्या पहिल्या दोन दिवशी कातकरी वाडी भट्टीवर असते. पंधरा ऑगस्टला गाव आवणी-बेणणीतून नुकते बाहेर पडलेले असते. ज्यांचा दावा, तेच गैरहजर. शिवाय वाड्या विखुरलेल्या, आणि ग्रामसभा मोठ्या गावात. शहापूर हा पूर्ण अनुसूचित तालुका आहे, मुरबाडचा काही भागही. तिथे पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा, कायदा लागू होतो, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते. मग सभा पाड्यातच, पाड्याच्या सोयीच्या दिवशी भरवता येते. जव्हार-विक्रमगड भागात वयम् चळवळ आणि मुरबाडमध्ये श्रमिक मुक्ती संघटना यांनी वर्षानुवर्षे जे केले ते बव्हंशी हेच: कायदा वाचून दाखवायचा, अर्ज भरायला शिकवायचे, पोचपावती घेतल्याशिवाय कचेरीतून उठायचे नाही. या कामाचे फोटो निघत नाहीत. पण मेंढ्याची सही अशाच बैठकांतून आली.

वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानांनाही लागू आहे, हे ठाणेकरांनी विशेष लक्षात ठेवावे. खोपटपासून येऊर काही किलोमीटरवर. तिथल्या वारली पाड्यांची वहिवाट संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापेक्षा जुनी आहे. रविवारी गाडी घेऊन वर जाणाऱ्याला तिथे रान दिसते, पाडे दिसत नाहीत.

शहराचा या सगळ्याशी संबंध नळातून येतो. तानसा, मोडकसागर, भातसा ही धरणे शहापूरच्या रानात आहेत. त्यांचे पाणी मुंबईला जाते, भातसाचे काही ठाण्यालाही येते. त्याच शहापुरातल्या पाड्यांना एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. डोंगरावर झाडी राहिली तरच धरणात गाळ कमी येतो आणि झरे टिकतात. ती झाडी राखणारा पाडा शहरासाठी फार मोठे काम करतो, आणि त्याबद्दल शहर त्याला काहीही देत नाही. हे अन्यायाचे आहे, असे मी स्पष्ट म्हणेन.

निदान बाजारात तरी हे नाते ओळखावे. पहिला पाऊस पडला की कसाऱ्याच्या लोकलने आदिवासी बाया टोपल्या घेऊन कल्याण-ठाण्याला येतात. शेवळी, सोबत तिची खाज मारायला काकडे, मग टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी, कंटोळी. पहाटे रानात चालून खुडलेली शेवळीची जुडी आपण घासाघीस करून घेतो. कोणती भाजी कोणत्या उतारावर, कुठे खुडायची आणि कंद कुठे ठेवायचा, हे ज्ञान त्या जुडीत आहे. ती मागेल तो भाव द्यावा.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत राहणाऱ्या किती तरी वाचकांची मूळ गावे शहापूर, मुरबाड, भिवंडीत आहेत. वनहक्क कायदा पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ वनावर अवलंबून राहिलेल्या बिगरआदिवासी रहिवाशांनाही हक्क देतो. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा ग्रामपंचायत अधिकाऱ्याला एवढे विचारा: आपल्या गावाने सामूहिक वनहक्काचा दावा केला आहे का, आणि केला असेल तर तो कोणत्या पातळीवर आहे, उपविभागीय समितीत की जिल्हा समितीत? दावा केलेला नसेल, तर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा आणि कवळ कुठून आणायचे, गुरे कुठे चरायची, ते लिहून घ्या. तो कायद्याने मान्य केलेला पुरावा आहे, आणि तो सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.